मराठवाड्यातून थीम पार्कची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही परभणीचे. लेकरं, भाच्चे-पुतणे, आजी-आजोबा असा गोतावळा घेऊन आजवर चार-पाच वेळा अशा सहली केल्या. एकदा तर पार फजिती झाली. तेव्हापासून उन्हाळा तोंडावर आला की नात्यागोत्यातून फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

इमॅजिकाला जावं की हैदराबादच्या वंडरलाला?

आधी नकाशा बघा, जाहिरात नंतर. इमॅजिका खोपोलीजवळ खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून आहे. वंडरला हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यावर राविर्यालला आहे. संभाजीनगर, जालना, बीडकरांना पुण्याकडची वाट सोयीची. नांदेड, हिंगोली, देगलूर, उदगीर, निलंगा या भागाला हैदराबाद जवळ. नांदेडहून देगलूर-संगारेड्डीमार्गे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. उमरगा-नळदुर्गकरांच्या तर दारातूनच सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. परभणीकर मधोमध लटकलेले, त्यामुळे आमच्या घरी दर वर्षी यावरून वाद.

आता पार्कांचा स्वभाव. इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. तिथं राईडला गोष्टीची जोड आहे. ‘नायट्रो’सारखे पोटात गोळा आणणारे रोलर कोस्टर आहेतच, पण अंधारातून नेणाऱ्या, पडद्यावर चालणाऱ्या राईडही बऱ्याच आहेत. ‘राजासॉरस’ नावाची होडीची सफर आहे. हे नाव कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही बरं का, गुजरातेत रहिओलीला ज्याची हाडं सापडली त्या खऱ्या डायनोसॉरला शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे नाव दिलं. जाताना गाडीत लेकरांना एवढं सांगितलं तर ती होडी त्यांना वेगळीच वाटते. इमॅजिकात कोरडं पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगवेगळी, दोन्हींसाठी दोन दिवस हवेत.

वंडरला हैदराबादला २०१६ मध्ये आलं. गोष्टी कमी, राईड जास्त, आणि कोरड्या-पाण्याच्या दोन्ही राईड एकाच तिकिटात. घरात आठवी-दहावीतली पोरं असतील तर ती वंडरलावर खूश होतील. पहिली-दुसरीतली लेकरं आणि साठीपुढची माणसं सोबत असतील तर माझं मत इमॅजिकाला.

आणखी एक. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या राज्यात जन्मली. हैदराबाद त्यांना कधी परगाव वाटलंच नाही. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी दखनीत घासाघीस करताना आजोबा ऐंशीचे असूनही चाळिशीचे दिसले.

एस्सेलवर्ल्ड?

बंद झालं. १९८९ पासूनच्या आठवणी तेवढ्या उरल्या.

एवढ्या लांब जायचं नाही. जवळ काही आहे का?

शिर्डी. संभाजीनगरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथं वेट अँड जॉय हे वॉटर पार्क आहे आणि साईतीर्थ नावाचं भक्तीवर बेतलेलं थीम पार्क. साईतीर्थात झोके-गिरक्या नाहीत, बसून बघायचे खेळ आहेत, त्यामुळे आजी पहिल्यांदा ‘मलाही तिकीट काढा’ म्हणाली ती तिथंच. पहाटे दर्शन, दुपारी लेकरं पाण्यात, असा बेत जमतो. घरातल्या ज्यांना ‘नुसतं खेळायला एवढा खर्च?’ असं वाटतं, त्यांची तोंडंही देवदर्शनाने बंद होतात.

रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पार्कात शिरलं तर एका मुक्कामाचे पैसे वाचतील ना?

वाचतील. आणि तिकिटाचे बुडतील.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून आमची फजिती सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही अकरा जण भाड्याच्या गाडीने रात्री नऊला निघालो. लेकरं उत्साहात दोनपर्यंत जागी, मोठी माणसं घाटात उलट्या काढत जागी. पेट्रोलपंपावर दात घासून सकाळी दहाला पार्काच्या दारात. पहिल्या दोन राईडला आरडाओरडा झाला. बारा वाजता धाकटी भाची रांगेत उभ्या-उभ्या झोपली. जेवणानंतर वहिनींचं डोकं धरलं, आणि तीन वाजता आम्ही मोठे सहा जण एका झाडाखाली ओळीने आडवे. ड्रायव्हरही रात्रभर जागा, त्यामुळे परतीच्या प्रवासात त्याच्याशी बोलत राहायची पाळी लावली होती. अकरा तिकिटांत मन भरून खेळले ते दोघंच, आणि तेही कॉलेजातले.

दुसऱ्या वर्षापासून नियम केला: आदल्या दिवशी उजेडी निघायचं, संध्याकाळपर्यंत पार्काजवळच्या गावात पोचायचं, लवकर जेवून झोपायचं. खोपोली, कर्जत, लोणावळा इथं सगळ्या दरांत खोल्या मिळतात. हैदराबादला राहायचं तर शहराच्या मध्यात कशाला, बाह्यवळण रस्त्याच्या दक्षिणेला, आदिबाटला-शमशाबादकडे राहा. आपल्याकडचं माणूस पार्काचं तिकीट स्वस्त कुठं मिळतं ते चार दिवस शोधतं, पण आपल्याला पार्कापर्यंत पोचायलाच तीनशे ते पाचशे किलोमीटर पडतात, हे हिशेबात धरत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेले सहलीचे सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत ते याचमुळे. त्यांचा दिवस पार्काच्या दारात सुरू होतो, आपला आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो.

कोणत्या महिन्यात जावं?

पार्कवाल्यांच्या लेखी मे महिना आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे भर हंगाम. आपल्याकडे याच दोन वेळांना इतर कामंही गळ्यात. मेमध्ये लग्नसराई, आणि मृग तोंडावर आला की घरातल्या शेतकऱ्याचं लक्ष बी-बियाण्यात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास, कापसाची वेचणी. पैसा हातात येतो तो त्यानंतर. म्हणून ज्यांचं घर शेतीवर आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीतले मधले दिवस बघावेत. हवा चांगली, आणि मंगळवार-बुधवार गाठला तर रांगा आखूड. फक्त लातूर-धाराशिवकडच्यांनी येळवस (वेळ अमावस्या) कधी आहे ते पाहून तारीख धरा. त्या दिवशी शेत सोडून कुणी हलणार नाही, आणि हलूही नये.

पावसाळ्याचं काय, असं विचाराल. खोपोलीकडे पाऊस कोसळतो. वीज चमकायला लागली किंवा पावसाचा जोर वाढला की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात, आणि ते योग्यच आहे. पण छताखालच्या राईड चालू राहतात आणि गर्दी कमी असते. खरं सांगू, आमच्या लेकरांना पार्काइतकाच घाटातला पाऊस आवडला. एका धबधब्यासमोर गाडी थांबवली तर पुतण्या म्हणाला, “काका, एवढं पाणी हे लोक जायकवाडीला का सोडत नाहीत?”

रेल्वेने जमेल का?

हैदराबादला उत्तम जमतं. मनमाडहून सुटणारी अजिंठा एक्स्प्रेस रात्रीची, सकाळी हैदराबादेत. मुंबईहून येणारी देवगिरी दिवसा नेते. दिवसाचीच घ्या, कारण वर सांगितलंय. खोपोलीकडे जायचं तर दिवसाची तपोवन किंवा आता नांदेडपर्यंत आलेली वंदे भारत पकडून कल्याणला उतरा. तिथून खोपोलीची लोकल आहे. लोकलच्या फेऱ्या मोजक्या असल्याने वेळ आधी बघा. लातूरकरांना पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी हे बरं.

आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. पाच ते बारा वयाच्या लेकराला वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. दोन लेकरं एका बर्थवर झोपवायची आपली सवय चांगली आहे, पण ती दहा वर्षांची झाली की रात्री दोघंही जागी राहतात.

एसटीने?

पुण्यापर्यंत बिनधास्त. महिलांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, ६५ ते ७५ वाल्यांना निम्मं. आमच्यासारख्या बायका-म्हाताऱ्यांचा भरणा असलेल्या घराचा प्रवासखर्च यानं खरोखर अर्ध्यावर येतो. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळे हैदराबादच्या गाडीत सीमेपलीकडचं तिकीट पूर्ण लागतं. आजोबांचं आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. बॅगेच्या तळाशी असलं की वाहकाचा आणि आजोबांचा, दोघांचाही पारा चढतो.

समृद्धीने गाडी घेऊन जायचंय. काही सांगाल?

जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, म्हणजे जालना किंवा संभाजीनगरहून चढलात की इगतपुरीपुढचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडून थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरता. तिथून पनवेलमार्गे खोपोली. अंतर पुण्याच्या वाटेपेक्षा जास्त पडतं, पण अहिल्यानगर आणि पुणे शहरातला वैताग चुकतो.

निघण्याआधी टायर तपासा. हवा वाजवीपेक्षा कमी असेल तर टायर जास्त दबतो, घासतो, तापतो आणि वेगात फुटतो. झिजलेल्या टायरवर उन्हाळ्यात या रस्त्याला लागूच नका. दुसरी भीती सरळपणाची: वळण नाही, गाव नाही, म्हैस आडवी येत नाही, त्यामुळे डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला. दर दीड-दोन तासांनी उतरून चहा घ्या. चहा बरा नसतो, तरी घ्या.

उंचीची काय भानगड आहे?

भानगड मोठी आहे, कारण सहलीतलं सगळ्यांत मोठं रडं इथंच होतं. प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची खूण असते. मोठ्या, थरारक राईडना बहुधा १४० सेंटिमीटरच्या आसपासची अट. लेकरू धीट आहे, आकाशपाळण्यात हसतं, पोहायला येतं, यातलं काहीही तिथं चालत नाही. अट धिटाईसाठी नाहीच. खांद्यावरून येणारा किंवा मांडीवर बसणारा दांडा एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी घडवलेला असतो. लेकरू लहान असेल तर तो अंगाला नीट टेकत नाही आणि ते खालून किंवा बाजूने निसटू शकतं. म्हणून तिथल्या मुलाशी हुज्जत घालू नका. ‘साहेब, एक बोटच कमी आहे’ म्हणणारे बाप मी पाहिलेत. नशीब, तो मुलगा त्यांच्यापेक्षा शहाणा होता.

करायचं एवढंच: महिनाभर आधी घरातल्या चौकटीला पेन्सिलीने खुणा करून प्रत्येक लेकराची उंची मोजा, पायांत काही न घालता. पार्काच्या संकेतस्थळावर राईडनिहाय अट असते. ती बघून लेकरासमोरच यादी करा, ‘या सात तुझ्या, या तीन पुढच्या खेपेच्या’. घरी कळलेली गोष्ट लेकरू पचवतं. तासभर रांगेत उभं राहून कळलेली पचवत नाही. तिकिटातही मोठा-लहान हा भेद अनेक ठिकाणी वयावर नसून उंचीवर असतो, त्यामुळे तुमच्या सहावीतल्या उंचाड्या पोराला पूर्ण तिकीट लागू शकतं. वयाचा दाखला नेऊन उपयोग नाही.

आजी-आजोबांचं तिकीट काढायचं की त्यांना खोलीवर ठेवायचं?

त्यांना विचारा. आपण परस्पर ठरवतो तिथं चुकतं. ज्येष्ठांसाठी तिकिटात सूट असते का ते आधी बघा. गुडघे दुखत असतील तर चाकाच्या खुर्चीची सोय विचारून ठेवा. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन, गर्भारपण यांपैकी काही असेल तर वेगाच्या राईड अजिबात नकोत, पण नाटकाचे, पडद्याचे खेळ आणि छोटी रेल्वे चालते. आणि आजीवर अकरा जणांच्या पिशव्या सांभाळायची ड्यूटी लावू नका. लॉकर त्याचसाठी असतात.

दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आत नेता येते का?

नाही. बाहेरचं खाणं दारावर अडवतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं सोडतात. दशम्या गाडीत ठेवा, सकाळी आत जाण्याआधी वाहनतळावर चादर टाकून पोटभर खा आणि संध्याकाळी बाहेर आलात की उरलेल्यांवर तुटून पडा. दिवसभर पिझ्झा-बर्गर खाल्लेली लेकरं संध्याकाळी ठेचा मागतात, हा स्वानुभव. आत दुपारचं एक जेवण धराच. गर्दी टाळायची तर बाराला जेवा किंवा अडीचला. घरातल्या कुणाचा उपवास त्या दिवशी येतो का, हे कॅलेंडरवर बघायला विसरू नका. साबुदाण्याच्या शोधात आम्ही एक तास घालवलाय.

वॉटर पार्कात साडी, पंजाबी ड्रेस, जीन्स चालते का?

घसरगुंड्यांवर चालत नाही. नायलॉनचे किंवा तशाच झटकन निथळणाऱ्या कापडाचे कपडे लागतात. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि अंगाला गुंडाळतं. जीन्सच्या चेन, बटणं, टिकल्यांमुळे घसरगुंडीचा गुळगुळीत पृष्ठभाग ओरखडतो आणि मागून येणाऱ्याला लागतं. साडीचा घोळ तर सरळ धोक्याचा. कपडे आत भाड्याने मिळतात, विकतही मिळतात, पण रांग असते आणि माप मिळेलच असं नाही. गावातल्या कपड्याच्या दुकानातून पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे पोहण्याचे कपडे आधीच घेतले तर घरातल्या बायकांना संकोच राहत नाही. आमच्या काकू पहिल्या वर्षी काठावर बसल्या. दुसऱ्या वर्षी असा पोशाख घेतला, तर लाटांच्या तलावातून त्यांना बाहेर काढता येईना.

दागिने घरी ठेवा. मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक आहे हे मान्य, पण जोराच्या पाण्यात पोत तुटते आणि वाटी शोधायला तलाव रिकामा करत नाहीत. नुसता काळ्या मण्यांचा साधा दोरा घालून सोन्याचं घरी, हा तोडगा आमच्या आजीनेच काढला. चष्म्याला मागून दोरी बांधा. कोरडे कपडे, टॉवेल आणि लेकरांच्या जादा चड्ड्या वेगळ्या पिशवीत. कमीत कमी किती लागतील याचा अंदाज करा आणि दुप्पट घ्या.

आपल्याकडे टँकर चालू असताना पाण्यात खेळायला जाणं बरोबर वाटत नाही.

मलाही टोचतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात आमच्या ओळखीचं एक कुटुंब वॉटर पार्कला गेलं आणि फोटो कुणाला दाखवू शकलं नाही. पार्कातलं पाणी गाळून-शुद्ध करून पुन्हा-पुन्हा वापरतात, रोज नवं भरत नाहीत, हे खरं. तरी उडून जातं तेवढं रोज घालावंच लागतं. उत्तर प्रत्येकाने आपलं काढावं. आम्ही वॉटर पार्क हिवाळ्याच्या तोंडी करतो, आणि लेकरांना ते का हे सांगतो.

रांग टाळायचा जादा पैशांचा पास घ्यावा का?

मधल्या वारी गेलात तर नको. मेमधला रविवार किंवा दिवाळीची सुट्टी असेल तर घ्यावासा वाटेल, पण दहा जणांचे पास म्हणजे चांगला एक मुक्काम होतो. दार उघडायच्या अर्धा तास आधी हजर राहा, आत शिरताच सगळे दारापाशी फोटो काढत असतात तेव्हा सरळ सर्वांत लांबची मोठी राईड गाठा, आणि बाकी मंडळी जेवायला बसली की दुसरी.

या राईड सुरक्षित असतात का? यात्रेतल्या पाळण्यांचे अपघात वाचतो.

माळेगावच्या यात्रेतला पाळणा चार दिवसांत उभा राहतो आणि उतरतो. जोड सारखे सुटतात-आवळले जातात. पार्कातली राईड कायमच्या पायावर असते, रोज सकाळी रिकामी फिरवून तपासतात, आणि दांडा अडकल्याशिवाय बहुतेक गाड्या सुटतच नाहीत. बहुतेक रोलर कोस्टरला पुढे इंजिनही नसतं. पहिल्या चढावर साखळीने ओढून नेलं की पुढचं सगळं काम उंचीवरून घसरणीचं. जोखीम उरते ती बहुधा आपली: मोबाइल हातात धरणं, अर्ध्यात उभं राहणं, दांडा सैल ठेवायला सांगणं. एखादी राईड बंद ठेवली असेल तर चिडू नका. चालू ठेवली असती तर चिडायला हवं होतं.

वंडरला, रामोजी, चारमिनार दोन दिवसांत होईल?

नाही. रामोजी फिल्म सिटी १९९६ पासूनची, एवढी अवाढव्य की गिनीजने जगातलं सर्वांत मोठं स्टुडिओ संकुल म्हणून नोंद केली. तिथं दिवसभर बसने फिरणं आणि चालणं असतं, राईड कमी. तिला स्वतंत्र दिवस द्या, आणि शक्यतो वंडरलाच्या दुसऱ्या दिवशी नको, पाय बोलतात. तीन रात्री असतील तर मध्ये एक हलका दिवस टाका: चारमिनार, सालारजंग संग्रहालय. संग्रहालय शुक्रवारी बंद, नेहरू प्राणीसंग्रहालय सोमवारी बंद.

डिस्नीलँडचं स्वप्न आहे.

असू द्या. भारतातून जवळची म्हणजे हाँगकाँगचं डिस्नीलँड आणि सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. सुरुवात पासपोर्टपासून करा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी होईल ते. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, आईचं नाव एकीकडे माहेरचं असेल, तर ते आधी दुरुस्त करा. आपल्याकडचे निम्मे अर्ज इथंच अडतात असं आमचे एजंट म्हणतात.

गर्दीत लेकरू हरवलं तर?

सगळ्यांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट. हसतील लोक, हसू द्या. लेकराच्या हातावर पेनने मोबाइल नंबर लिहा, वॉटर पार्कात पाण्याने न पुसणाऱ्या मार्करने. आत शिरताच एक जागा ठरवा, कारंजं, घड्याळ, काहीही, आणि ‘चुकलास तर इथं येऊन उभा राहा, शोधत फिरू नको’ हे दोनदा म्हणवून घ्या. हे मोठ्यांकडूनही म्हणवून घ्या. आमच्याकडे आजवर हरवले ते फक्त काका.

संध्याकाळी पार्क सुटल्यावर लगेच घराकडे निघावं का?

निघू नका. दुसरा मुक्काम परवडत नसेल तर वॉटर पार्क चारला सोडा, उजेडात जमेल तेवढं अंतर कापा आणि वाटेत कुणा नातेवाइकाकडे टेका. पुण्यात मराठवाड्यातल्या कुणाचा भाऊ, मेहुणा, पुतण्या राहत नाही असं घर सापडणं अवघड आहे. फक्त आधी फोन करा, आणि जाताना अंबाजोगाईचे नाहीतर कुठलेही पेढे न्या. अकरा ओले टॉवेल वाळत घालायचे असतात त्यांच्या गॅलरीत.